निक्सी घड्याळ एकदाचं पेटलं!

काल रात्री साडेअकराला चारही निक्सी ट्यूबा (निऑन वायू भरलेल्या, आत आकडे उजळणाऱ्या काचेच्या नळ्या) एकदम पेटल्या आणि मी खोलीतला दिवा घालवून नुसता बघत बसलो. तो केशरी रंग फोटोत येतच नाही, खरंच. सोव्हिएत काळातल्या आयएन-१२ मॉडेलच्या आहेत या, काचेच्या आत ० ते ९ असे १० धातूचे आकडे एकामागे एक रचलेले, त्यामुळे मिनिट बदललं की आकडा किंचित पुढे-मागे सरकतो, एलईडीत ही मजा नाही. आणि यातला ५ नीट बघा, तो चक्क उलटा ठेवलेला २ आहे!

पेटवायला साधारण १७० व्होल्ट डीसी लागतात. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून बूस्ट कन्व्हर्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लावून काढले, पण पहिल्या बोर्डात तो भाग मायक्रोकंट्रोलरला (घड्याळ चालवणाऱ्या चिपला) इतका खेटून ठेवला होता की घड्याळ सारखं रिसेट व्हायचं, दोन आठवडे गेले त्यात, आता तो वेगळ्या बोर्डावर टाकलाय. प्रत्येक ट्यूबच्या अ‍ॅनोडला (धन टोकाला) स्वतःचा रेझिस्टर हवाच, निऑन एकदा पेटला की करंटला आवर घालणारं दुसरं काही नसतं. आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला असतो, तो डिस्चार्ज केल्याशिवाय बोट लावू नका.

तासांच्या दशकस्थानी फक्त ०, १, २ च येतात, बाकी आकड्यांवर हळूहळू थर बसून ते अर्धवट पेटायला लागतात, म्हणून पहाटे ३ ला सगळे आकडे थोडा वेळ फिरवतो.

आता घड्याळाची पेटी, घरच्या जुन्या चौकटीचं सागवान काढून ठेवलंय.