सव्वाशे बेसिस पॉइंट

गुरुवार, रात्री उशिरा

एका बिगर-बँक गृहकर्ज कंपनीच्या रिक्रूटरचा आज पुन्हा फोन आला: बँक सोडा, आमच्याकडे लोन ऑफिसर म्हणून या. कर्जाच्या रकमेवर सव्वाशे बेसिस पॉइंट, म्हणजे सव्वा टक्का कमिशन देतो म्हणाला, वर साइनिंग बोनस. म्हणजे ४ लाख डॉलरच्या गृहकर्जामागे ५ हजार. सध्याच्या बँकेत मला याच्या निम्मेही सुटत नाहीत, पण इथे ठरलेला पगार आहे आणि शाखेतून गिऱ्हाईक आपणहून येतं. तिकडे पगार नाही, 'ड्रॉ' आहे. जे देतील ते पुढच्या कमिशनातून वळतं करून घेणार. साधी उचलच की ही.

दिवसभर डोक्यात गुणाकार चालू होता. संध्याकाळी भागाकार सुरू झाला. हे सव्वाशे येतात कुठून? कंपनी काही पदरचे घालत नाही. ते कर्जदाराच्या व्याजदरात नाहीतर फीमध्ये बसलेले असतात. त्यात इथे अमेरिकेत २०११ पासून नियम आहे की कर्जाच्या अटींवर, म्हणजे दर किती लावला यावर, आमचं कमिशन ठरता कामा नये. नियम चांगलाच आहे. त्याआधी चढा दर गळ्यात मारला की जास्त मोबदला मिळायचा. पण त्याच नियमामुळे दुसऱ्या कुणाचा दर माझ्यापेक्षा पाव टक्क्याने कमी निघाला, तर "माझं थोडं सोडते" म्हणून मला तो जुळवून देता येत नाही. कंपनीचं रेट शीट, म्हणजे रोजचं दरपत्रकच महाग असेल तर गिऱ्हाईक निघून जाणार, आणि न झालेल्या कर्जाचे सव्वाशे कोण देतो?

म्हणून त्याला म्हटलं, आजचं रेट शीट दाखवा. तर म्हणे, "जॉइन झालात की सगळं दिसेलच." मुलाखतीला गेलेल्या माणसाकडून मागच्या दोन वर्षांचे आकडे मागतात, आणि स्वतःचा आजचा दर दाखवत नाहीत!

रात्री जुन्या सहकारी मैत्रिणीला फोन केला. ती त्याच कंपनीत प्रोसेसर आहे, म्हणजे कर्जाच्या फाइलची कागदपत्रं जमवून ती पुढे पाठवते. दर तिला माहीत नाही, पण फाइलचं पुढे काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कर्ज मंजूर करायचं की नाही ते ठरवणारे अंडररायटर कंपनीचेच आहेत, पण महिनाअखेरीला फाइल आठवडाभर कुणी उघडत नाही. एकेका प्रोसेसरकडे इतक्या फाइल्स की कर्जदाराने पाठवलेलं बँक स्टेटमेंट पुन्हा मागितलं जातं. माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात महत्त्वाचं. रेट लॉक, म्हणजे कर्जदाराला दिलेला दर पक्का राहण्याची मुदत, ३० दिवसांचा; करारातली क्लोजिंगची, म्हणजे घराचा व्यवहार पुरा करायची तारीख ठरलेली. अंडररायटरने शेवटच्या आठवड्यात नवी अट काढली की लॉक वाढवायचे पैसे कुणी भरायचे यावर वाद, विकणारा घायकुतीला, घेणाऱ्याचं इसाऱ्याचं डिपॉझिट धोक्यात. आणि शिव्या कुणाला? अंडररायटरला कुणी ओळखतसुद्धा नाही. गिऱ्हाईक पाठवणारा रिअल्टर, म्हणजे घरांचा एजंट, माझा नंबर काढून टाकतो.

तिने आणखी एक सांगितलं. एफएचएच्या, म्हणजे सरकारी विमा असलेल्या गृहकर्जांच्या नियमात साडेतीन टक्के डाउन पेमेंटसाठी ५८० चा क्रेडिट स्कोर चालतो. त्यांची कंपनी मात्र ६२० च्या खाली फाइलच घेत नाही. माझ्याकडे पहिलं घर घेणारे बरेच. त्यातल्या किती जणांना मला परत पाठवावं लागेल, याचा हिशोब अजून केलेला नाही.

लायसन्सचं ओझं वाटत नाही. बँकेत असल्यामुळे माझी नुसती फेडरल नोंदणी आहे. बिगर-बँक कंपनीत जायचं तर राज्याचं लायसन्स, २० तासांचा कोर्स, ७५ टक्क्यांची परीक्षा. अर्ज केल्यावर १२० दिवसांपर्यंत तात्पुरतं काम करायची सोयही आहे. निभेल ते.

खरी धास्ती २०२२ सारख्या वर्षाची आहे. २०२१ च्या सुरुवातीला ३० वर्षांच्या कर्जाचा दर पावणेतीनच्याही खाली होता, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात सातच्या वर. रीफायनान्सवर, म्हणजे जुनं कर्ज फेडून कमी दराचं नवं देण्यावर जगणाऱ्या कंपन्यांनी तेव्हा माणसं भराभर कमी केली. तेव्हा विचारायचं आहे: तुमच्याकडे खरेदीची कर्जं किती, रीफायनान्सची किती, आणि त्या वर्षी कितीजण टिकले?

करारही आधी वाचायला हवा. दोन वर्षांच्या आत सोडलं तर बोनस परत, हे त्याने बोलण्याच्या ओघात सांगितलं. सोडताना माझी जुनी गिऱ्हाइकं माझी राहतात की त्यांची होतात, हे मात्र विचारूनही सांगितलं नाही.

ब्रोकरकडे जावं असंही मध्येच वाटतं. एका फाइलसाठी अनेक लेंडरचे दर बघता येतात, हे मोठंच सुख. पण तिथे अंडररायटरशी बोलायचं तर मध्ये दुसऱ्याच कंपनीचा माणूस.

तूर्त उन्हाळा संपेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलंय. माझी प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची पूर्वमंजुरी, हातात घेऊन काही कुटुंबं अजून घरं बघत फिरताहेत; मी आता निघाले तर त्यांच्या फाइल्स बँकेतल्या दुसऱ्या कुणाकडे तरी जातील. तोवर कोर्सला नाव घालून ठेवते.