पाच धडका आणि हातात काही नाही

कोजागिरीनंतरचा रविवार होता. जागा भिगवणच्या अलीकडची, उजनीच्या फुगवट्याला मिळणारा एक ओढा. पुण्यात मासेमारीचे रॉड-रील दुरुस्त करणं हे माझं काम, पण काही तक्रारी टेबलावर सुटत नाहीत, त्यासाठी पाण्यावरच जावं लागतं. या गिऱ्हाइकाचं म्हणणं एवढंच होतं, "मरळ फ्रॉगवर धडकते, लागत मात्र नाही. रॉड बदलून द्या." फ्रॉग म्हणजे बेडकाच्या आकाराचं रबरी आमिष.

पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते. गढूळपणा खाली बसला होता आणि पाण्याची पातळीही स्थिरावली होती. पाणी चढायचं-उतरायचं थांबलं की मरळ काठच्या गवतात आणि जलपर्णीच्या कडेला ठाण मांडते. इथल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाला विचारून आठ वाजता सुरुवात केली. साडेनऊपर्यंत पाच धडका झाल्या आणि पाचही फुकट गेल्या. मग त्यांना थांबवलं आणि बाभळीखाली बसून सगळं उघडून पाहिलं.

फ्रॉग दाबताच आतून पाण्याची चिळकांडी उडाली. खरा घोटाळा इथेच होता. पोकळ रबराचा फ्रॉग माशाच्या जबड्यात चेपला की पाठीवरचे दोन्ही गळ उघडे पडतात. आत पाणी भरलेलं असेल तर तो चेपत नाही आणि टोकं रबरामागेच राहतात. नाकापाशी कडी बाहेर येते तिथली फट कोरडी करून फेविक्विकचा एक थेंब टाकला. पोटाकडचं भोक बुजवायचं नाही, तिथूनच दर दोन-तीन फेकींनंतर पाणी पिळून काढायचं. मग पक्कडीने दोन्ही टोकं जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर वाकवली. त्याहून जास्त वाकवली तर प्रत्येक फेकीला जलपर्णीच हाती येते. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवलं तर घसरत होतं, म्हणजे बोथट. बारीक कानशीने चार हात मारल्यावर ते नखात रुतू लागलं.

रीलवर ०.३५ मिलिमीटरचा साधा नायलॉन होता. वीस मीटरवर तो इतका ताणतो की हाताचा झटका मरळीच्या हाडकुळ्या जबड्यापर्यंत पोहोचतच नाही. तो काढून ५० पाउंड ताकदीची ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, भरली. स्पूलवर आधी नायलॉनचे सात-आठ वेढे घेतले, नाहीतर ब्रेड आख्खी गरगर फिरते. गाठ पालोमार, आवळण्याआधी थुंकीने ओली केलेली. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, इतका घट्ट केला की हाताने ओढून दोरा जेमतेम सुटावा.

सात फुटी मीडियम-हेवी रॉडमध्ये काहीच दोष नव्हता.

उरला हात. फसकन आवाज झाला की हे गिऱ्हाईक, काका, लगेच रॉड उपसत. मरळ कित्येकदा आधी नुसती ढुशी देते, फ्रॉग तोंडात घेते ते त्यानंतर. "आवाजावर नको काका, वजनावर. दोरा सरकू द्या, एक-दोन मोजा, मग ओढा."

सव्वादहाला जलपर्णीच्या खाचेत बुडबुडा फुटला. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे तिचा पत्ता लागतो. थेट बुडबुड्यावर फेकलं तर ती बुजते. फ्रॉग दीड-दोन मीटर पलीकडे पानांवर टाकून सावकाश खाचेत उतरवला. रबरी पायांना टकटक झाली, ती चिलापी मासळीची, तिकडे लक्ष द्यायचं नाही. मग पाणी फुगलं आणि फ्रॉग दिसेनासा झाला. काकांनी मोजलं. दोरा ताठ झाल्यावर ओढलं आणि रील थांबू दिलं नाही. इथे वीतभर ढील मिळाली तरी मरळ मुळांत घुसते. पानांवरून घसरत आलेला मासा साधारण दोन किलोचा होता, गळ वरच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसलेला. ओल्या हाताने धरून गळ काढला आणि ती पाण्यात सोडली.

पुढच्या वळणावर पुन्हा बुडबुडे दिसले, पण तिथे पृष्ठभागावर लालसर पिलांचा पुंजका हलत होता. उशिराची वीण. काकांनी रॉड मागे नेला होता, तो मी धरला. राखणीची मरळ अशा वेळी काहीही फेकलं तरी अंगावर येते, आणि ती उचलली की चिलापी तासाभरात पिलं फस्त करते. दोरा गुंडाळून आम्ही खालच्या अंगाला निघालो.