पंचगंगेचे फूट आणि घरातली वीज

पावसाळ्यात कोल्हापुरात लाईट कधी येणार हे विचारण्याआधी पाणी किती फुटांवर आहे ते विचारले जाते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. वादळाने तार तुटली तर ती काही तासांत जोडता येते. नदी चढली की मात्र अपघात टाळण्यासाठी वीज मुद्दाम बंद करावी लागते आणि मग पाणी उतरून यंत्रे वाळवून तपासली जाईपर्यंत ती परत येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शहराने हे पुरेपूर पाहिले.

म्हणून नदी इशारा पातळीकडे सरकू लागली की आमच्या घरात पहिली धावपळ होते ती दिव्यांची नव्हे, तर पाण्याची. उजेडावाचून माणसाचे फारसे अडत नाही, पण नदीवरची उपसा केंद्रेच पुरात सापडली की दाराशी महापूर आणि नळाला थेंब नाही, असा विचित्र प्रसंग ओढवतो. मोटर चालू आहे तोवर गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून घ्यावी, पिंप आणि कळश्या भराव्यात आणि पिण्याचे पाणी उकळून वेगळे ठेवावे. कोल्हापुरी घरात आणखी एक काम उरते, ते म्हणजे रश्श्याचे वाटण मिक्सरवर आधीच करून ठेवण्याचे. पाटा-वरवंट्याचे गोडवे गाणारे पुष्कळ भेटतात. त्यावर वाटायला बसणारे फारसे भेटत नाहीत.

इन्व्हर्टरवर आपला विश्वास जरा जास्तच असतो. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात त्याहून कमी. ७५ वॅटचा जुना पंखा रात्रीचे आठ तास फिरला तर त्यातले ६०० खातो, तेवढ्याच वेळात ९ वॅटचा एलईडी दिवा जेमतेम ७२. हा हिशेब एकदा मांडला की पंखा बंद करण्यावर वाद उरत नाही. जुलैच्या झडीत तसेही इथे चादर ओढूनच झोपावे लागते, हरकत असते ती फक्त डासांची. मात्र मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरातल्या वायरिंगमध्ये वीज सोडतच राहतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सखल पेठांतल्या घरांनी पाणी उंबऱ्याशी येण्याआधीच तोही बंद करावा आणि दोघांनी धरून ती जड बॅटरी जिन्यावर चढवावी.

फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो, पुढे ते एक कपाटच. दूध आधी संपवावे आणि दुधाची पावडर आणून ठेवावी, कारण २०१९ साली शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता आणि गाड्या दिवसेंदिवस अडकून पडल्या होत्या.

शेवटी राहतो तो पैसा. मोबाईलचे टॉवर थंडावले की क्यूआर कोड लावलेला किराणा दुकानदारही रोकड मागतो आणि पाचशेची नोट पुढे केली की सुट्टे नाहीत म्हणून हात वर करतो. तेव्हा पॉवर बँकेशेजारी दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांची एक गड्डी असू द्यावी.