दोन मॅनिफोल्ड आणि एक वॉशर

गेल्या महिन्यात मी एका काकांना चुकीचा निकाल दिला, आणि त्यांनी तो मुकाट्याने मानला.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजच्या गाळ्यात त्यांची जुनी अ‍ॅम्बेसेडर आली. इंजिन 1489 सीसी, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसीचं बी-सीरीज. 1955 च्या एमजीए या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्येही हेच इंजिन. तिथे एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आणि 68 अश्वशक्ती, इथे कार्ब्युरेटर एक आणि ताकद पन्नासच्या आसपास. काकांनी एमजीएचं जुनं, दोन कार्ब्युरेटरचं मॅनिफोल्ड मिळवलं होतं. मॅनिफोल्ड म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण इंजिनात नेणारे नळ. सगळी ताकद मॅनिफोल्डमध्येच असते असं लोक धरून चालतात. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कॉम्प्रेशनबद्दल (मिश्रण किती दाबलं जातं) कुणी विचारत नाही.

या इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, चार सिलिंडरांसाठी इनटेकची (मिश्रण आत घ्यायची) तोंडं दोनच. 1 आणि 2 चं एक, 3 आणि 4 चं दुसरं. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2, म्हणजे 2 चं ओढणं संपतं न संपतं तोच 1 त्याच तोंडातून ओढायला लागतो. सिंगलमध्ये एकच कार्ब्युरेटर दोन्ही तोंडांना पुरवतो. जोडीत प्रत्येक तोंडाला स्वतःचा.

गायमुखच्या चढावर पहाटे, थर्ड गिअरमध्ये, दोन्ही मॅनिफोल्ड आळीपाळीने लावून पाहिली. जोडी लावली की खालच्या आरपीएमला गाडी दम टाकायची, आयडलिंगला थरथरायची. दोन दिवस मी कार्ब्युरेटरच जुळवत बसलो. आमच्या धंद्यात पहिला आरोपी तोच. शेवटी म्हटलं, ‘‘काका, सिंगलच बरं.’’

रात्री जोडी लावली होती तेव्हाचे स्पार्क प्लग पुन्हा हातात घेतले. 3-4 चे तपकिरी, 1-2 चे पांढरट. पांढरट म्हणजे मिश्रणात हवा जास्त, म्हणजे पुढच्या, 1-2 च्या तोंडाला बाहेरून हवा शिरत होती. इथे इनटेक आणि एक्झॉस्टचे फ्लँज (नळांच्या टोकाच्या, हेडला टेकणाऱ्या कडा) शेजारी-शेजारी असतात आणि एकच जाड वॉशर दोघांना दाबतो. मापलं तर इनटेकचा पुढचा फ्लँज जवळपास एक मिलिमीटर पातळ निघाला. आधी कुणीतरी सपाट करायला घासला असणार. वॉशर एक्झॉस्टवरच टेकत होता, इनटेक सैल राहत होता. गॅस्केट नवं असून काय उपयोग?

सकाळी सातला फोन केला. ‘‘काका, मॅनिफोल्ड विकलं नाही ना?’’

‘‘अरे, आज माणूस न्यायला येणार आहे.’’

‘‘त्याला नाही म्हणा.’’

लेथवर पायरीचे वॉशर, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, करून घेतले आणि पुन्हा गायमुख गाठलं. खाली दोन्ही जवळपास सारखी, वर जोडी सरळ मोकळी ओढते. काका खूश आहेत.

याआधी दोघांना मी ‘सिंगलच बरं’ सांगून परत पाठवलंय. त्यांचे फ्लँज मी मापले नव्हते.