निमास्पिस प्रगती-नोंद: सड्याची दोन टोकं झाली, मधला पट्टा बाकी

एका सड्याच्या (जांभ्याच्या सपाट पठाराच्या) उत्तर आणि दक्षिण टोकांवरच्या निमास्पिस पाली एकाच जातीच्या की दोन, हा प्रश्न आहे. मागच्या नोंदीपासून काम असं सरकलं: सड्याच्या दक्षिण कड्यावरच्या पालींचे एनडी२ (मायटोकाँड्रियातलं एक जनुक) सीक्वेन्स हाती आले, सगळ्या नरांच्या मांड्यांचे फोटो एकाच पद्धतीने काढून झाले आणि डीएनएसाठी पतंगांच्या पायांची पहिली खेप प्रयोगशाळेत पोचली. सड्याचं नाव इथे देत नाही. एवढ्याशा टापूत राहणाऱ्या पालींचा नेमका पत्ता शोधनिबंध छापून येण्याआधी फिरू लागला की दगड उलटणारे हात वाढतात, आणि निमास्पिसची अंडी त्याच दगडांच्या फटींत चिकटवलेली असतात.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. निमास्पिस म्हणजे दिवसा वावरणाऱ्या लहान पाली. बाहुली गोल, बोटं बारीक, आणि उत्तर सह्याद्रीतल्या बहुतेक जातींची नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी ४० मिमीच्या आत. घरातल्या हेमिडॅक्टिलसची बाहुली उभी आणि बोटांखाली रुंद पट्ट्या, त्यामुळे जीनस (जवळच्या जातींचा गट) ओळखायला अडचण येत नाही. अडचण पुढे आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावरून २०१४ साली निमास्पिस गिरीचं वर्णन झालं, आणि २०१८ मध्ये एकाच निबंधात उत्तर सह्याद्रीतून अजिजी, अंबोलिएन्सिस, लिमयी आणि महाबली अशा चार जाती आल्या. या सगळ्या दिसायला इतक्या जवळच्या आहेत की पाठीच्या रंगावरून नाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. घाबरलेली पाल काही मिनिटांत रंग बदलते.

परवान्याबद्दल पुन्हा एकदा, कारण हे विसरून चालणार नाही. पाल पकडणं, शेपटीचं टोक काढणं, नमुना जतन करणं ही कामं वनखात्याची लेखी परवानगी ज्यांच्या नावावर आहे तेच करतात. त्यामागे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ आहे, आणि नमुने परदेशी पाठवायचे तर जैवविविधता कायदा २००२ सुद्धा. आपल्याकडे शोध, नोंदी, फोटो आणि सीक्वेन्सची छाननी ही कामं आहेत, आणि ती पुरेशी आहेत.

जागेची नोंद

नोंदींचा तक्ता तपासताना सर्वात जास्त दुरुस्त्या अक्षांश-रेखांशांच्या रकान्यात निघतात. दशांश अंशांत, दशांश चिन्हानंतर पाच आकडे लिहा, म्हणजे साधारण एक मीटरपर्यंतची जागा ठरते. चार आकडे लिहिले तर अकरा मीटर. कड्याखाली किंवा घळीत मोबाइलचं जीपीएस सहज वीस-तीस मीटर भरकटतं, म्हणून अचूकतेचा आकडाही शेजारी हवा. उंची मोबाइलवरून घेऊ नका, नकाशाच्या समोच्च (सारख्या उंचीच्या) रेषांवरून घ्या. डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस८४ असल्याचं प्रत्येक पानावर लिहा. कुणी अंश-मिनिटं-सेकंदात लिहिलं आणि कुणी दशांशात, तर एकत्र करताना ठिकाण शेजारच्या खोऱ्यात जाऊन पडतं.

त्याखालोखाल: जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये, आधार कसला (जांभा, बेसाल्ट, झाडाचं खोड, मंदिराची भिंत), फटीची रुंदी, सावली की ऊन, वेळ, हवेचं तापमान. जांभ्याच्या सड्यावरची आणि त्याच सड्याखालच्या बेसाल्टच्या कड्यावरची पाल एकच असेल असं गृहीत धरू नका. ज्या जागी तासभर शोधूनही पाल दिसली नाही तीही नोंदवा. मधल्या पट्ट्यात पाली खरंच नाहीत की तिथे कुणी गेलंच नाही, हे त्याशिवाय कळणार नाही, आणि या खेपेचा सगळा प्रश्न तिथेच अडकलाय.

फोटो

पहिला फोटो आहे त्या जागी, हात न लावता. त्यानंतर परवानाधारकाने पाल सपाट पारदर्शक डबीत घेतली की बाहेरून हे फोटो: वरून पूर्ण शरीर, डोक्याची डावी आणि उजवी बाजू, गळा, पोट, मांड्यांची खालची बाजू, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या, शेपटीची वरची व खालची बाजू. मिलिमीटरची पट्टी पालीच्याच पातळीत हवी. डबीच्या तळाखाली ठेवलेली पट्टी कॅमेऱ्यापासून लांब पडते आणि माप फसतं. फ्लॅशवर पांढरा कागद किंवा डिफ्यूजर लावा, नाहीतर खवल्यांच्या कण्यावर (मधल्या उंचवट्यावर) चकाकी येऊन खवले गुळगुळीत होते की कणा असलेले, हेच कळत नाही.

मांड्यांवरची छिद्रं नरांतच पाहायची. ती किती आहेत, फक्त मांडीवर आहेत की गुदद्वारासमोरही, आणि दोन्हीकडच्या रांगांमध्ये छिद्र नसलेले किती खवले आहेत, हे तिन्ही आकडे लागतात. दाजीपूरच्या निमास्पिस कोल्हापुरेन्सिसमध्ये (वर्णन २००९) ही रांग सलग आहे, गिरीच्या जवळच्या जातींत तशी नाही. म्हणजे एका चांगल्या फोटोवरून निम्म्या शक्यता बाद होतात. मात्र कोवळ्या नरांत छिद्रं अंधूक असतात. न दिसलेलं छिद्र शून्य म्हणून भरू नका, रकाना रिकामा ठेवा.

ऊती आणि लेबलं

ऊती नेहमी फॉर्मॅलिनच्या आधी घ्यायच्या. फॉर्मॅलिन डीएनएला प्रथिनांशी जखडून टाकतं आणि त्याचे तुकडे पाडतं. त्यातून काही मिळवता येतं, पण खर्च आणि मनस्ताप दोन्ही मोठे. शेपटीचं २-३ मिमी टोक किंवा यकृताचा तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये, ऊतीच्या निदान दहापट द्रवात, आणि दुसऱ्या दिवशी द्रव बदलायचा. पहिल्या दिवशी ऊतीतलं पाणी बाहेर येऊन इथेनॉल पातळ होतं, म्हणून हा बदल टाळू नये. नंतर उणे २० अंश. दुकानातलं मिथिलेटेड स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका. शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, म्हणून ते प्रयोगशाळेकडूनच घ्यायचं.

लेबल कुपीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते. झाकणावरचा मार्करचा क्रमांकही एक थेंब सांडला की पुसला जातो. क्रमांक पुसलेली ऊती टाकून द्यावी लागते, अंदाजाने क्रमांक देणं तर अजिबात नको.

सीक्वेन्स तपासताना

डीएनए वेगळं करायला ऊती प्रोटिनेज-के या प्रथिनं तोडणाऱ्या विकरासोबत ५६ अंशांवर रात्रभर ठेवतात, मग कॉलमच्या किटने गाळतात. पीसीआरमध्ये (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवताना) एनडी२ पूर्ण मिळाला तर हजाराहून थोडे जास्त बेस (डीएनएची अक्षरं) मिळतात. प्रत्येक पीसीआरमध्ये डीएनए न घातलेली एक नळी असतेच. तिच्यात डीएनएचा पट्टा दिसला तर सगळी खेप रद्द.

क्रोमॅटोग्राम (सीक्वेन्सिंग यंत्राचा शिखरांचा आलेख) स्वतः उघडून पाहा, नुसत्या अक्षरांच्या फाइलवर थांबू नका. सुरुवातीचे २०-४० बेस खराब असतात, ते कापा. मग सीक्वेन्स जुळवून त्यांचं प्रथिनांत भाषांतर करा, पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियाचा कोड निवडून, म्हणजे जनुकीय कोडांच्या यादीतला तक्ता क्रमांक २. मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपतं अशी खूण) आला तर दोन शक्यता: एखादा बेस वाचताना चूक झाली, किंवा तुम्ही मायटोकाँड्रियाची नाही तर केंद्रकात जाऊन बसलेली जुनी प्रत वाचताय. जागोजागी दुहेरी शिखरं दिसली तर दुसरीच शक्यता धरा. असा सीक्वेन्स झाडात (सीक्वेन्सवरून काढलेल्या वंशवृक्षात) घातला की एक लांबलचक फांदी तयार होते आणि ती हुबेहूब नव्या जातीसारखी दिसते.

सीक्वेन्समधला फरक काढताना सगळे सीक्वेन्स सारख्या लांबीचे कापून घ्या. १००० बेसमध्ये ६० जागी फरक म्हणजे ६ टक्के, हे सरळ आहे. पण ३०० बेसचा तुकडा जनुकाच्या वेगाने बदलणाऱ्या भागातला निघाला तर तोच आकडा फुगतो. जेनबँक या सीक्वेन्सच्या खुल्या संग्रहातून तुलनेला घेतलेल्या प्रत्येक सीक्वेन्सचा व्हाउचर (जतन केलेल्या नमुन्याचा) क्रमांक आणि ठिकाण पाहा. ब्लास्टमध्ये (जेनबँकमध्ये मिळताजुळता सीक्वेन्स शोधताना) सर्वात वर आलेलं नाव म्हणजे ओळख नव्हे. ते नाव अपलोड करणाऱ्याने दिलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. उत्तर आणि दक्षिण टोकांतला फरक उठून दिसण्याइतका आहे, आणि झाडात दोन्ही गट वेगळे पडतात. तरीही याला आम्ही आज नवी जात म्हणत नाही. निमास्पिस फार हलत नाहीत. एका कड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. अशा पालींत दोन जागांमधलं अंतर वाढेल तसा एनडी२चा फरकही हळूहळू वाढत जाऊ शकतो, मध्ये कुठेही तुटल्याशिवाय. अशा साखळीची दोनच टोकं उचलली तर कुठलंही सॉफ्टवेअर दोन जाती दाखवेल. एएसएपी आणि बीपीटीपी ही सीक्वेन्सवरून जातींच्या सीमा सुचवणारी दोन्ही सॉफ्टवेअर चालवून पाहिली, आणि बीपीटीपीने दक्षिण टोकाचेही तुकडे पाडले. पालींच्या एनडी२साठी ५ टक्क्यांच्या आसपासची रेघ काही निबंधांत वापरलेली दिसते, पण ती रेघ मधल्या जागांची जागा घेऊ शकत नाही. मधल्या कड्यांवरच्या पाली मिळाल्यावर फरक एकदम उडी मारतो की पायरीपायरीने चढतो, हे पाहायचंय. सोबत आरएजी१ आणि पीडीसी ही केंद्रकातली जनुकं. ती सावकाश बदलतात, त्यामुळे तिथे फरक कमी दिसला म्हणून निराश होऊ नका. दोन्ही टोकांत तेच अ‍ॅलील (जनुकाचं एक रूप) फिरतंय का एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

आणि जुन्या नावांचं काय, हेही आधी पाहायला हवं. कुठल्याही नव्या नावाआधी जवळच्या प्रत्येक जातीच्या मूळ ठिकाणची पाल तुलनेत हवीच. हेमिडॅक्टिलस ब्रुकी हे नाव ग्रेने १८४५ मध्ये बोर्निओच्या नमुन्यावर दिलं आणि भारतातल्या ठिपकेदार घरपालींना ते शतकाहून जास्त काळ चिकटून राहिलं. मूळ ठिकाण आणि मूळ नमुना यांच्याशी ताडून पाहिल्यावर इथल्या पालींसाठी मरेई, ग्लेडोवी अशी एकोणिसाव्या शतकातलीच नावं पुन्हा वर आली. नवीन नाव द्यायची गरजच नव्हती, जुनं शोधायची होती.

पतंगांची बाजू

इथे काम अजून प्राथमिक आहे. दिव्यासमोरच्या पांढऱ्या चादरीवर आलेल्या पतंगाचे पंख पसरण्याआधी एक पाय काढून इथेनॉलमध्ये ठेवायचा. मारायला इथिल अ‍ॅसिटेट वापरलं तर डीएनए खराब होतं, म्हणून फ्रीझर बरा. सीओआय या मायटोकाँड्रियातल्या जनुकाचा ६५८ बेसचा तुकडा फोल्मरच्या प्रायमरने (पीसीआर सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) येतो. भाषांतराला इथे तक्ता ५ लागतो, पालींचा २ चालत नाही. फक्त सीओआयवर विसंबू नका. वोल्बाकिया हा जीवाणू आईकडून पिल्लांत जातो आणि आपल्यासोबत एकच मायटोकाँड्रिया सगळ्या समूहात पसरवतो. त्यामुळे दोन जाती एक भासतात, कधी एकीच्या दोन. ताडून पाहायला नराची जननेंद्रियं: उदर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर, मग धुऊन ग्लिसरीनच्या इवल्या कुपीत, आणि ती कुपी त्याच नमुन्याच्या टाचणीला.

पुढचं काम

पाऊस ओसरला की मधल्या पट्ट्यातले कडे, आधी बेसाल्ट, मग जांभा. कासच्या बाजूच्या गिरीच्या ऊती संग्रहातून मागवल्या आहेत. त्या आल्याशिवाय झाड पुन्हा चालवणार नाही. ज्यांच्याकडे सातारा-कोल्हापूर पट्ट्यातल्या नर निमास्पिसच्या मांड्यांचे स्पष्ट फोटो आहेत त्यांनी ते मूळ आकारात, न कापता, तारीख आणि जीपीएसच्या अचूकतेसह तक्त्यात जोडावेत. मापपट्टी नसली तरी चालेल. छिद्रं आणि मधले खवले मोजता आले पाहिजेत.