फळ्यावरचे दोन प्रश्न

आमच्या वेळी नागरिकशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी जोडलेले असे आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते आटोपण्याची आम्हा मुलांची रीत होती. सर मात्र न्यायमंडळाच्या धड्याला तीन तास देत. न्यायाधीशाला कोण नेमतो आणि नेमल्यावर त्याला काढणे अवघड का ठेवले आहे, हे दोन प्रश्न ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आणि आठवडाभर पुसू देत नसत.

वॉशिंग्टनजवळ राहायला आल्यावर २०१३ साली ते कोपऱ्यातले प्रश्न मला पुन्हा भेटले. श्री श्रीनिवासन (‘श्री’ हे त्यांचे नावच) यांची तेथील डी. सी. सर्किट या संघीय अपील न्यायालयावर नेमणूक व्हायची होती. जन्म १९६७ मध्ये चंदीगडचा, बालपण कॅन्ससमधील लॉरेन्स गावी, वडील तेथील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. स्टॅनफर्डहून कायदा आणि व्यवस्थापन या दोन्ही पदव्या घेऊन ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांचे लॉ क्लार्क झाले (क्लार्क म्हणजे कारकून नव्हे, तर न्यायमूर्तींना कामात मदत करणारा तरुण कायदेपंडित; ही जागा मिळणे हाच तिथे मोठा मान), आणि पुढे सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात बुश व ओबामा या दोघांच्याही कारकिर्दीत त्यांनी सरकारची बाजू मांडली.

सरकारी यंत्रणांच्या निर्णयांना याच न्यायालयात वारंवार आव्हान दिले जात असल्यामुळे तिथल्या प्रत्येक खुर्चीवरून पक्षांची ओढाताण चालते. ओबामांनी जून २०१२ मध्ये सुचवलेले श्रीनिवासन यांचे नाव, नेमणुकीला ज्याची संमती लागते त्या सिनेट या वरिष्ठ सभागृहात, पडून राहिले आणि जानेवारीत पुन्हा पाठवावे लागले. त्याच न्यायालयासाठी सुचवलेल्या कॅटलिन हॅलिगन यांची वाट तर विरोधकांनी मार्चमध्ये अडवूनच धरली. तरीही २३ मे रोजी श्रीनिवासन यांना ९७ विरुद्ध शून्य मते पडली. दोन्ही पक्षांच्या राजवटींत सॉलिसिटर जनरल राहिलेल्यांनी त्यांची शिफारस केली होती, हे त्यामागचे मुख्य कारण असावे असे मला वाटते. सप्टेंबरमधील समारंभात ओकॉनर यांनी शपथ दिली, तेव्हा भगवद्गीता हाती धरून त्यांच्या आई शेजारी उभ्या होत्या. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. तिथे वयाची अट नाही, त्यामुळे ही नेमणूक तहहयात.

हे सारे मी सरांना फोनवर उत्साहाने सांगितले. सरांनी ऐकून घेतले आणि विचारले, "सिनेटचे सभासद शंभर ना रे? मग उरलेले तिघे कुठे होते?"

मला सांगता आले नाही.