लोटस ४९, मोन्झा आणि मामांचा डबल क्लच

तिसरा आठवडा संपला. असेट्टो कोर्सा ह्या कार रेसिंग गेममधल्या मोन्झा १९६६ च्या रोड कोर्सवर (इटलीतला जुना शर्यतीचा ट्रॅक) लोटस ४९ ह्या फॉर्म्युला वन गाडीने माझी लॅप १:३७ वरून १:३२.४ वर आली. १९६७ मध्ये लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्कने ह्याच रस्त्यावर, ह्याच गाडीने पोल, म्हणजे शर्यत सुरू करायची पहिली जागा, घेतली ती १:२८.५ ची. म्हणजे चार सेकंद बाकी. पहिले पाच सहज आले, हे चार घाम काढणार.

तेव्हा मोन्झाला शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं, नव्हते, ते १९७२ मध्ये आले. त्यामुळे स्टार्टची सरळ रेषा थेट कुर्वा ग्रांदे ह्या मोठ्या वळणात शिरते आणि पाय उचलायचा की नाही हे पोटाला विचारावं लागतं. लोटस ४९ ला विंग, म्हणजे गाडी रस्त्याला दाबून धरणारा पंख, नाही. वजन पाचशे किलोच्या आसपास, मागे कॉसवर्थचं तीन लिटरचं डीएफव्ही इंजिन, चारशेच्या घरात हॉर्सपॉवर. मोनोकॉकला (गाडीच्या मुख्य सांगाड्याला) मागे इंजिनच जोडलेलं आणि मागचं सस्पेन्शन त्या इंजिनावर. अडचण ताकदीची नाही, ती येते कशी ह्याची आहे. साधारण ६५०० आरपीएमच्या खाली इंजिन पेंगतं आणि वर गेलं की एकदम लाथ मारतं. पहिला आठवडाभर लेस्मोच्या वळणांतून निघताना मी तिथेच गिरक्या खाल्ल्या. आता एक गिअर वरचा ठेवून, इंजिन आधीच जागं ठेवून निघतो. निम्मा स्टिअरिंग तर उजवा पायच करतो.

सेटअपचं विचाराल तर गेमसाठीचं सेकंडहँड स्टिअरिंग व्हील, एच-शिफ्टर (खऱ्या गाडीसारखा गिअरचा दांडा) आणि तीन पेडल. ब्रेक दाबला की चाकाची खुर्ची मागे पळायची. शेवटी खुर्चीच्या चाकांखाली पाच जुन्या चपला घातल्या. जोड्या जुळत नाहीत, पण खुर्ची हलत नाही. मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी मात्र खेळण्यात अर्थ नाही. वीस मिनिटांत व्हीलची मोटर तापते, फोर्स फीडबॅक (व्हीलमधून हाताला जाणवणारा जोर) ढिला पडतो आणि मागचा भाग सुटतोय हे हाताला कळेपर्यंत गाडी गवतात. आता पहाटे पाचला बसतो.

खरा फरक मामांमुळे पडला. मामांनी सुरत-नागपूर हायवेवर तीस वर्षं ट्रक चालवला. मी पाराबोलिका ह्या शेवटच्या वळणाला पाचव्या गिअरमधून तिसऱ्यात येताना प्रत्येक वेळी मागची चाकं अडकत होती आणि मी ब्रेक बायसला, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधल्या वाटणीला, दोष देत होतो. मामा मागे उभे राहून केळं खात बघत होते. म्हणाले, "घाई कसाले करस? गाडी काय म्हनस ते ऐक ना भो!" मग खुर्चीत बसून त्यांनी डबल क्लच दाखवला: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच, मग खालचा गिअर. त्यांनी लॅप पूर्ण केली नाही, चष्मा घरी राहिला होता. पण डाऊनशिफ्ट (गिअर खाली आणणं) एकही चुकली नाही.

ह्या गाडीला दरवेळी पूर्ण डबल क्लच लागतोच असं नाही, नुसती रेस दिली तरी चालतं. पण तो ताल पायात बसला आणि पाराबोलिकात एकट्यानेच जवळपास सेकंद मिळाला. टाचेने रेस देताना ब्रेकचा दाब मात्र अजून हलतो. पेडल जवळ आणायला मध्ये लाकडाची फळी ठोकायची आहे.

रविवारी पूर्ण ६८ लॅप करायला बसलो. १९६७ च्या शर्यतीत क्लार्क टायर पंक्चर होऊन एक लॅप मागे पडला, ती भरून काढून पुन्हा पुढे आला आणि शेवटच्या लॅपला पेट्रोल कमी पडून तिसरा आला. होंडा चालवणारा जॉन सर्टीझ जिंकला. म्हणून मी पेट्रोल दोन लॅपचं जास्तच भरलं होतं.

४१ व्या लॅपला लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि एक बल्ब आहे.